शेंदूर लावलेलं झाकण

फार फार पूर्वी, डोंगराच्या पोटाशी बारा वाड्यांचा एक परगणा होता. तिथे राजा नव्हता. दर सात वर्षांनी लोक पारापुढे जमत, ज्याच्या-त्याच्या नावाच्या घागरीत एकेक चिंचोका टाकत आणि आपल्यातलाच एक कारभारी निवडत. म्हणजे कारभारी काही आभाळातून पडत नव्हता. लोकांनीच त्याला बसवलेलं असे. पोरांनो, एवढं ध्यानात ठेवा.

त्या पारासमोरच परगण्याचं एक पेव होतं. जमिनीत तीन पुरुष खोल खणलेलं, आतून भाजून पक्कं केलेलं. सुगीला घरटी पायलीभर ज्वारी त्यात पडे आणि दुष्काळात तीच सगळ्यांना जगवी. ज्वारी घातली की तोंडावर दगडी झाकण बसे. त्याच्या कडा शेणमातीने लिंपायचं काम एका म्हातारीचं. लोक तिला लिंपणआजी म्हणत. लिंपून झालं की ती ओल्या मातीत आपली पाच बोटं उमटवी.

आणखी एक रीत होती. दरवर्षी पेव उघडलं की आधी दोरीने पेटता दिवा आत सोडायचा. भरल्या पेवात हवा कोंडलेली असते, तिथे दिवा गपकन विझतो. विझला की समजायचं, धान्य जागेवर आहे.

एका खेपेला नवा कारभारी निवडून आला. जिभेवर साखर, अंगावर जरीचा शेला. पहिल्याच वर्षी त्याने साफसफाईच्या नावाखाली पेव उपसलं, 'पुन्हा भरलं' म्हणत झाकण बसवलं आणि आजीकडून लिंपून घेतलं. मग झाकणाला शेंदूर फासला, हार घातला आणि हात जोडून म्हणाला, "ही आपली अन्नदेवता. देवाचं तोंड असं ऊठसूट उघडायचं नसतं. तुमची ज्वारी माझ्या दारी आणून द्या. मी मुहूर्त पाहून, सोवळ्यात आत घालीन."

लोकांना केवढा आनंद! ज्या पेवात दरवर्षी डोकं घालून बघायचं, त्याच्या झाकणावर आता डोकं टेकायला लागले. नारळ काय, उदबत्त्या काय! दिव्याची दोरी कुणाच्या तरी गोठ्यात वासराला बांधली गेली.

दुसऱ्या वर्षी लिंपणआजी झाकणापाशी गेली आणि थबकली. तिची मागच्या वर्षीची पाच बोटं होती तशीच होती. एक चीर नाही. झाकण हललंच नव्हतं. मग वर्षाची ज्वारी आत गेली कुठून?

तिने तोंड उघडलं, तेवढ्यात कारभाऱ्याने तिच्या हातावर नवंकोरं लुगडं ठेवलं. "आजी, देवीला पहिलं लिंपण तुमच्याच हातचं. हा मान तुमचा!"

आजीने लुगडं घेतलं. जुन्या बोटांवर नवी माती फिरवली, पुन्हा पाच बोटं उमटवली आणि घरी आली. तिसऱ्या वर्षीही तेच. चौथ्या वर्षीही. पाच लुगडी झाली तिच्याकडे, आणि पाचही तिला अंगावर निखाऱ्यासारखी वाटत.

इकडे कारभाऱ्याची कामं बघावीत! बारा वाड्यांच्या वेशीवर बारा कमानी, प्रत्येकीवर त्याचं नाव. भर चौकात कारंजं. पाहुणे येत तेव्हाच ते उडे, आणि त्यासाठी बायका अर्ध्या कोसावरून डोक्यावर हंडे वाहून आणत. विहिरींचा गाळ मात्र कुणी काढला नाही.

सातव्या वर्षी पीक करपलं. आजीच्या शेजारणीची लेकरं तरोट्याचा पाला उकडून खाऊ लागली. लोक कारभाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "चार दिवसांवर निवड आहे. घागर होऊ द्या. मग देवीचा कौल घेऊ आणि झाकण काढू."

निवडीच्या दिवशी तो पारावर उभा राहिला. "सात वर्षांत बारा कमानी! एक कारंजं! पेव गळ्यापर्यंत भरलेलं! आहे कुणाची माझ्याएवढी कामगिरी?"

शेजारणीचं धाकटं पोर उपाशीपोटी किरकिरत होतं. आजीने त्याच्याकडे पाहिलं. मग ती उठली, पाच लुगड्यांचं गाठोडं तिने पारावर आपटलं आणि पाराला टेकवून ठेवलेली पहार उचलली.

"अगं म्हातारे, देवीला हात लावतेस? पाप लागेल!" कारभारी ओरडला.

"पाप पाच वर्षांपूर्वीच लागलंय मला! तुझं लुगडं घेतलं तेव्हा! माझी बोटं दरवर्षी मला जशीच्या तशी दिसत होती रे. मी बघितलं आणि गिळलं. आज या लेकरांना गिळायला काही नाही!"

तिने पहार घातली. शेंदराचे पापुद्रे उडाले. चार गड्यांनी झाकण सरकवलं. गोठ्यातून दोरी आली, दिवा पेटला, आत सोडला.

दिवा खाली गेला. आणखी खाली गेला. छान तेवत होता.

कारभाऱ्याने हात वर केले. "बघा! ज्योत अखंड आहे! देवी प्रसन्न आहे!"

आणि काय सांगावं, पन्नास-साठ जणांनी हातसुद्धा जोडले!

"अरे मेल्यांनो, हात कसले जोडता?" आजी कडाडली. "दिवा विझला असता तर पोट भरलं असतं! तो तेवतोय म्हणजे आत दाणा नाही!"

दोरी संपली तेव्हा दिवा तळाशी टेकला होता. उजेडात दिसली भाजलेली कोरी माती, आणि एक मेलेली पाल.

सगळी ज्वारी घाटापलीकडे विकली गेली होती. तिच्याच कमानी झाल्या होत्या. लोक कारभाऱ्याच्या घरात शिरले. तिथल्या कणग्या दोन महिने पुरल्या. पुढे सात वाड्या रिकाम्या झाल्या. माणसं त्याच कमानींखालून, डोक्यावर बोचकी घेऊन परगणा सोडून गेली. आजीची शेजारीण लेकरांसह गेली. जाताना तिने आजीकडे वळून पाहिलं नाही, आणि आजीनेही तिला हाक मारली नाही.

त्या निवडीत कारभाऱ्याच्या नावाच्या घागरीत एकच चिंचोका निघाला होता. त्याचा स्वतःचा. त्याला हाकललं, कारंज्याचा दगड फोडून विहिरीचे काठ बांधले. तेव्हापासून कारभारी व्हायचं असेल त्याने आधी दिवा सोडायचा आणि कोंडलेली हवा गेली की सगळ्यांसमोर पेवात उतरायचं, असा नेम झाला. आणि झाकणाला शेंदूर लावणाऱ्याचा हात आजी पहारीने बाजूला सारी.

बोध: ज्याच्या हाती गावाचा साठा दिला, त्याच्यापुढे डोकं टेकू नका, त्याच्या कोठारात डोकं घालून बघा.