लिंबाजीचं इसबगोल आणि सासूबाईंचे धोंडे

एका गावात लिंबाजी नावाचा एक भोळा गडी होता. भोळा हा गावाचा शब्द. त्याची बायको कौसल्या दुसराच शब्द वापरायची, पण तो मुलांसमोर सांगण्यासारखा नाही.

अधिक महिना लागला. या महिन्यात जावयाला सासरी बोलावतात आणि पुरण भरलेले धोंडे खाऊ घालतात. तीन वर्षांनी एकदा मिळणारा मान! आणि नेमकं लिंबाजीचं पोट गच्च झालेलं. रोज सकाळी परसाकडे जायचा आणि नुसता बसून यायचा. कौसल्येला घोर लागला. नवरा भरल्या पानावरून उपाशी उठला, तर आई जन्मभर बोलून दाखवणार.

तिने त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज एक चमचा इसबगोल घ्या. पण भरपूर पाण्यात हं!"

गावात सगळ्यांत भरपूर पाणी विहिरीत. लिंबाजीने चमचाभर इसबगोल विहिरीत टाकलं, बादली शेंदली आणि ओंजळभर पाणी प्याला. पोट काही जागचं हललं नाही.

"अवो, पेल्यात घालायचं!" कौसल्या म्हणाली.

लिंबाजीने मान डोलावली. पेल्यात पाणी घेतलं, इसबगोल घातलं आणि म्हैस बांधायला गेला. परत येऊन बघतो तर पेल्यात खळ! पेला उलटा केला तरी पडेना. त्याने शेजाऱ्यांना बोलावून कौतुकाने दाखवला.

कौसल्येने कपाळावर हात मारला. "पाण्यात पडलं की फुगायच्या आत घशाखाली घालायचं! वर आणखी पेलाभर पाणी प्यायचं. ऱ्हाईल का ध्यानात?"

"ऱ्हाईल की!"

सासरी निघायची वेळ झाली होती, म्हणून इसबगोलाचा डबा पिशवीत गेला. लिंबाजी वाटभर घोकत होता, "पाण्यात पडलं की फुगायच्या आत घशाखाली."

कौसल्येबरोबर सासरी पोचला तेव्हा सासूबाईंनी नुकतेच अनारशांसाठी तांदूळ भिजत घातले होते. लिंबाजीने पातेल्यात डोकावून बघितलं आणि तो दचकला. "आरं देवा, फुगतील की!" त्याने मांडी ठोकली आणि मुठी भरभरून सगळे तांदूळ खाल्ले. वर पेलाभर पाणी प्यायला विसरला नाही. पोटाचा नगारा झाला.

"जावईबापू, काय केलंत हे?" सासूबाई ओरडल्या. "भिजत घातल्याल्या जिनसेला हात लावू नये! झाकून ठेवावं, निवांत फुगू द्यावं!"

"बरं मामी," लिंबाजी म्हणाला.

अनारसे गेले. पुन्हा तांदूळ भिजवून, वाळवून, दळायला वेळ नव्हता. आता घराची सगळी अब्रू धोंड्यांवर येऊन ठेपली.

दुसऱ्या दिवशी सासरे बैलांना पाणी पाजताना घसरून हौदात पडले. गळ्यापर्यंत पाणी आणि खाली शेवाळ. "जावईबापू, हात द्या!" ते ओरडले.

लिंबाजीने दोन्ही हात पाठीमागे बांधले. "हात लावायचा न्हाई, मामा." तो पळत गेला आणि कोंबड्यांचं डालं आणून त्यांच्या डोक्यावर पालथं घातलं. मग राखण करत शेजारी बसला.

कौसल्या आली. "आबा कुठं हायेत?"

"भिजत घातलेत. फुगंस्तवर कुणी उघडू नका."

आबांना बाहेर काढलं. ते शिंकत शिंकत गरजले, "आरं शहाण्या, पाण्यात कुणी पडलं तर आधी वर ओढायचं! पालथं घालायचं! पोट दाबून आतलं समदं भाईर काढायचं!"

"आधीच सांगायचं की, मामा," लिंबाजी म्हणाला.

त्या दिवसापासून कौसल्येने डबा आपल्या ताब्यात घेतला. रोज एकच चमचा इसबगोल, पेलाभर पाणी, तिच्यासमोर लगेच गटागट, वर आणखी पाणी. आणि काय सांगावं, धोंड्यांच्या दिवशी सकाळी लिंबाजी परसाकडून आला तो हसतच. "कौसल्ये, पोट कसं हलकं झालं बघ! आता भूक लागलीय, भूक!" कौसल्येला इतका आनंद झाला की तिने देवापुढे साखर ठेवली.

सासूबाईंनी गुबगुबीत धोंडे वळले, उकळत्या पाण्यात सोडले आणि पंगतीची पानं मांडायला गेल्या. भुकेला लिंबाजी वास घेत चुलीपाशी आला. बघतो तर काय! सगळे पाण्यात पडले होते आणि गटांगळ्या खात होते.

लिंबाजी मागेपुढे न बघता धावला.

पंगत बसली. सासूबाई धोंडे आणायला आत गेल्या आणि तिथेच मटकन बसल्या. धोतरावर धोंडे ओळीने पालथे निजवलेले. सगळे चपटे, रिकामे. वर पांघरायला पंचा. पुरणाचा ढीग मागच्या दारी बांधलेल्या म्हशीच्या घमेल्यात, आणि म्हैस घमेलं चाटून पुसून साफ करत होती.

"मामी, रडू नका," भाजलेली बोटं फुंकत लिंबाजी म्हणाला. "समदे वाचले! एकाच्याबी पोटात कायबी ऱ्हाऊ दिलं न्हाई."

मग तो हात धुऊन पानावर येऊन बसला.

"हं, वाढा आता धोंडे. लई भूक लागलीय."