ब्रेकचं पायडल आणि ताजं लिंबू

गाडीचे भाग आपसांत बोलत, पण माणसांना ते ऐकू येत नसे, त्या काळची ही गोष्ट. भिवाजीच्या जीपमधलं ब्रेकचं पायडल पूर्वी पाय टेकताच गाडी धरायचं. पुढं ते रोज थोडं थोडं खाली जाऊ लागलं. आपलं दुखणं माणसाला सांगायची त्याच्यापाशी तेवढीच रीत होती.

भिवाजीला ते कळलं, आणि तो ब्रेक दोनदा दाबायला शिकला.

"अरे, गॅरेजात दाखव की," मागं बसलेली आत्या म्हणाली.

"दोनदा दाबला की लागतोय, आत्या. पायाला सवय झालीय."

मग तीनदा दाबावा लागला. त्याचीही सवय झाली.

पायडल रडकुंडीला आलं. बंपरला टांगलेल्या लिंबाला म्हणालं, "तुझ्याकडं तो दर शनिवारी बघतो. माझं तेवढं सांग ना."

लिंबू म्हणालं, "मी सुकलं की तो मला बदलतो. तू खाली गेलंस, तर त्यानं स्वतःचा पाय बदलला. आता तुझं कोण ऐकणार?"

एका शनिवारी भिवाजी तापानं फणफणला. आत्याला तालुक्याला न्यायला त्याचा मेव्हणा निघाला. भिवाजीनं त्याला नवं लिंबू बांधायची आठवण करून दिली आणि किल्ली दिली. तीनदा दाबायचं मात्र सांगितलं नाही. ते त्याच्या डोक्यात उरलंच नव्हतं, पायात होतं.

घाटाच्या पहिल्या उतारावर मेव्हण्यानं ब्रेक एकदा दाबला. पायडल जीव खाऊन अडू पाहत होतं, तरी तळाला टेकलं.

बंपरवरचं लिंबू ताजं होतं.