ट्रेसेलिनच्या फाटकातले दगड

ढकलू नका ते फाटक. उघडणार नाही. गंज लागलाय म्हणून नव्हे, आतून बारा दगड लावलेत म्हणून. हवेली बघायची असेल तर पलीकडून, मेंढवाड्याच्या बाजूनं जावं लागतं. सगळे तिकडूनच जातात. दगड लागल्यापासून, एक बाई सोडली तर, या गावात जन्मलेल्या कुणीही या फाटकातून पाऊल टाकलेलं नाही. का, ते ऐका आणि मग जा.

हे गाव तेव्हा जर्मनांचं होतं, नाव ट्रेसेलिन. तीनशे वर्षं झाली म्हणतात. हवेलीत एगहार्ट नावाचा बॅरन राहायचा. जमीन त्याची, जंगल त्याचं, तळं त्याचं आणि माणसंही त्याचीच. आठवड्यातले चार दिवस त्याच्या शेतात फुकट राबायचं, त्याच्या परवानगीशिवाय लग्नसुद्धा करायचं नाही, असा कायदा होता. त्याला कायदा म्हणायचे, मी नाही म्हणत.

गावाच्या दक्षिणेला अकरा घरांची वस्ती होती. तिथं डोर्टे पागेल नावाची सुईण राहायची, आपल्या नवऱ्याबरोबर, हिन्रिकबरोबर. एका हिवाळ्यात बॅरनची बायको अडली. शहरातला वैद्य बर्फात अडकला. डोर्टे दोन दिवस, एक रात्र तिच्या उशाशी होती, आणि तिनं आई आणि मुलगा दोघांनाही वाचवलं. बॅरननं पाद्रीबाबांच्या समोर तिचा हात हातात घेतला. म्हणाला, "डोर्टे, मी जिवंत आहे तोवर तुमच्या वस्तीतल्या एकाही चुलीला कुणी हात लावणार नाही. हा माझा शब्द."

तो शब्द वीस वर्षं टिकला, असं सांगतात. मग लोकरीला भाव आला. बॅरनला मेंढ्यांसाठी कुरण हवं झालं, आणि सगळ्यात चांगलं गवत त्या अकरा घरांच्या भोवती होतं.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी कारभारी बैल आणि साखळदंड घेऊन आला. घरांच्या खांबांना साखळ्या बांधल्या आणि बैल हाकले. एकामागून एक छपरं खाली बसली. माणसांना सांगितलं, गोठ्यामागच्या पडवीत राहा आणि मेंढ्या राखा. हिन्रिक तेव्हा तापानं फणफणलेला होता. त्याला अंथरुणासकट उचलून गाड्यात टाकलं. पडवीपर्यंत पोचायच्या आत तो गेला.

डोर्टे रडली नाही म्हणे. ती मोडलेल्या घरात परत शिरली. सकाळचा विस्तव अजून धुमसत होता. तिनं राख बाजूला केली, चुलीच्या तळाचा दगड उपटला आणि ओच्यात घेतला. ओचा जळाला, तेव्हा नुसत्या हातांनी धरला. तशीच चालत या फाटकापर्यंत आली आणि बरोबर मधोमध दगड ठेवला.

बॅरन बाहेर आला. "हे काय आणलंस?"

"तू शब्द दिलेली चूल आणलीय," ती म्हणाली. तोवर तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. "घे. आता हिच्यावरून ये-जा कर."

तिच्या मागोमाग उरलेल्या दहा घरांच्या बायका आल्या. प्रत्येकीनं आपापला दगड आणून ठेवला.

बॅरन हसला. "फेका रे तळ्यात," म्हणाला. गडी पुढे झाले आणि हात झटकत मागे आले. दगड निवलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी नाहीत, आठवड्यानं नाहीत. दोर लावले तर दोर जळाले. बर्फ पडला तो सगळीकडे साचला, त्या अकरा दगडांवर नाही. गाडीचे घोडे फाटकापाशी येऊन मागच्या पायांवर उभे राहायचे. शेवटी बॅरननं जाड चामड्याचे हातमोजे चढवले आणि स्वतः वाकला. त्याची बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत म्हणतात.

मग त्यानं मेंढवाड्याच्या बाजूची भिंत फोडली. ज्या मेंढ्यांसाठी अकरा घरं पाडली, त्यांच्याच शेणातून तो जन्मभर घरी जात राहिला.

आणखी काही वर्षं गेली. डोर्टेनं वाचवलेला तो मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि त्याची बायको अडली. पडवीतल्या बायका म्हणाल्या, जाऊ नकोस. डोर्टे गेली. मागच्या वाटेनं नाही, इथून, या दगडांवरून, अनवाणी. तिला चटका बसला नाही. मूल सुखरूप झालं. बॅरन टोपी हातात घेऊन दारात उभा होता, म्हातारा झालेला.

"तुझं घर मी परत बांधून देतो," तो म्हणाला. "तेवढे दगड उचल."

"अकरा बांध," डोर्टे म्हणाली.

त्यानं टोपी परत डोक्यावर चढवली.

"मग राहू देत," ती म्हणाली आणि पडवीत परत गेली. मरेपर्यंत तिथंच राहिली. एक हो म्हटलं असतं तर मरताना तिच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर असतं. तिनं म्हटलं नाही.

तुम्ही मोजलेत ना? दगड बारा आहेत. बाराव्याची गोष्ट ऐकीव नाही, माझ्याच घरातली आहे.

मागचं महायुद्ध संपलं, सरहद्दी हलल्या, हे गाव जर्मनांच्या हातून गेलं. माझ्या आईला पूर्वेकडच्या तिच्या गावातून हाकललं आणि मालगाडीनं इथं आणून सोडलं. हातात कागद दिला, त्यावर एका घराचा नंबर होता. त्या घरात माटिल्डे नावाची जर्मन म्हातारी अजून राहत होती. तिलाही हाकलायचं ठरलं होतं, फक्त तिची गाडी तीन आठवड्यांनी होती. तेवढे दिवस दोघी एका छताखाली राहिल्या, एकमेकींची भाषा येत नसताना. ही गोष्ट आईला तिनंच सांगितली, हातवारे करून, राखेत काटकीनं चित्रं काढून.

जायच्या दिवशी माटिल्डेनं चुलीचा दगड उपटायला घेतला. तिला पेलेना. शिपाई दारात ओरडत होते. माझ्या आईनं दुसरी बाजू धरली. त्या घरात राहायला आलेल्या बाईनं आणि त्या घरातून निघालेल्या बाईनं मिळून तो दगड इथवर आणला. वाटेत आई शिव्या देत होती. शिपायांना, कागदाला, बोटानं नकाशे पुसणाऱ्या सगळ्या बॅरनांना. माटिल्डेला एक शब्द कळत नव्हता, पण ती प्रत्येक शिवीला मान हलवत होती.

मी त्याच घरात जन्मले. आईनं चूल पुन्हा लिंपली, पण ती जागा तशीच सोडली. गवंडी आले, माझा नवरा भांडला, सुना भांडल्या. आजही माझ्या स्वयंपाकघरात चुलीच्या तळाशी हातभर खड्डा आहे. मी तो कुणाला बुजवू दिलेला नाही.