हप्ता तेवढाच

गृहकर्जाचं व्याज उतरलं आणि बिल्डर खोपकरांनी त्याच आठवड्यात फ्लॅटचा भाव चार लाखांनी चढवला. माझी भाची हेमलता नर्स आहे. तिची ऐपत जुन्या भावापुरतीच. मी अर्थशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, म्हणून बुकिंगला तिने मला सोबत नेलं.

“हप्ता तेवढाच बसतो की, ताई! विचारा सरांना,” खोपकर म्हणाले.

मी आकडेमोड करून मान डोलावली.

हेमलता म्हणाली, “मग करारात लिहा. उद्या व्याज चढलं, तर हप्ता तेवढाच राहील इतका भाव तुम्ही उतरवायचा.”

“आम्हालाही तसंच लिहून द्या!” मागची गिऱ्हाइकं ओरडली.

खोपकरांनी घाईघाईने तिला जुन्या भावाची पावती फाडून दिली.

“मामा, तुम्ही होतात म्हणून धीर आला,” ती बाहेर म्हणाली. मला तिच्याकडे बघवेना.