लाल गाळातला मणी

फार पूर्वी, पांढऱ्या हलक्या धातूची ताटं फक्त राजवाड्यात मांडली जायची, त्या काळची ही गोष्ट.

तो धातू निघायचा एका डोंगरावरच्या तांबड्या दगडातून. दगड कुटायचा, झोंबऱ्या खारात शिजवायचा, कामाचं तेवढं काढून घ्यायचं आणि उरलेला लाल गाळ डोंगराखाली ओतून द्यायचा. डोंगरावर राहायचा भट्टीवाला, डोंगराखाली होतं गाव. गावाचं गायरान गाळाखाली गेलं. त्यातून चालून आलेल्या गाईंचे खूर सोलले, विहिरीचं पाणी हाताला बुळबुळीत लागू लागलं. गावाने तीन वर्षं राजाकडे खेटे घातले, तेव्हा कुठे हुकूम निघाला: मृग लागायच्या आत भट्टीवाल्याने सगळा गाळ उचलावा आणि डोंगरावर दगडी टाकं बांधून त्यात ठेवावा.

त्या गावात एक झारेकरीण होती. सोनारांच्या दुकानातला केर झाडून आणायचा, तो धूत बसायचं आणि त्यातून सोन्याचा कण शोधायचा, हा तिच्या घराण्याचा धंदा. लोक सोनाराला रामराम करत आणि तिला ‘बाजूला हो’ म्हणत. केरात हात घालायलाही कसब लागतं, ते एकदा तरी कुणी बघावं, एवढीच तिची इच्छा होती.

हुकूम निघाला त्या हिवाळ्यात तिने लाल गाळाला हात घातला. चाळीस टोपल्या गाळ धुतला, तेजाबात मुरवला, आटवला, पुन्हा धुतला. महिनाभर दुसरं काही केलं नाही. हातांची सालं निघाली. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढा एक चकचकीत मणी हाती आला. तळहातावर घेतला तर तो नुसत्या उबेने वितळला आणि थेंबासारखा घरंगळू लागला. असा धातू तिच्या सात पिढ्यांनी पाहिला नव्हता.

तिने तो मणी पाटलांना दाखवला आणि पाटलांनी तो राजवैद्याकडे पाठवला. वैद्याचा निरोप आला, ‘असा आणखी एक आणाल तर बैलजोडी देईन.’ झालं, सगळं गाव पाराभोवती गोळा झालं. झारेकरणीला बोलावून पाटलांनी आपल्या शेजारी, पारावर बसवलं. तिथे ती जन्मात कधी बसली नव्हती.

“बाई, किती गाळातनं निघाला गं ह्यो?” पाटलांनी विचारलं.

‘चाळीस टोपल्या’ हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण समोर सगळे तिच्याच तोंडाकडे बघत होते. खरं सांगितलं तर ते आत्ता उठून घरी जातील, हे तिला दिसत होतं.

“लई न्हाई लागत,” ती म्हणाली. “हाताला वळण पायजे.”

पुन्हा कुणी विचारलं नाही. हवं ते उत्तर मिळालं की माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही.

एक म्हातारा गुराखी तेवढा म्हणाला, “आदी भट्टीवाल्याला गाळ उचलू द्या. मग डोंगरावरनं काय आणायचा त्यो आणा नि धुवा.” त्याच्याकडे कोण लक्ष देतो? बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तसं चाललं होतं. कुणाचा ढीग कुठला, यावरून दोन सख्खे भाऊ तिथल्या तिथे बोलेनासे झाले.

चार दिवसांनी भट्टीवाला गाळ उचलायला गाड्या घेऊन आला. बरोबर राजाचा कारभारी होता. पाटील म्हणाले, “गाळ ऱ्हाऊ द्या. आमाला पायजे.”

भट्टीवाला काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “राहू देतो. पण मग त्याचं बरंवाईट तुमच्याकडे. तसा कागद करा.”

“करतो,” पाटील म्हणाले. “पर फुडचा गाळबी आमालाच. शेजारच्या गावाला एक टोपली द्यायची न्हाई.”

भट्टीवाल्याला हसू आवरेना, म्हणून तो खोकला.

झारेकऱ्यांची एक जुनी रीत आहे. केर मागितला की सगळा केर आपला. सोनं ठेवून घाण परत करता येत नाही. झारेकरणीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ती गप्प राहिली. कागदावर पहिला अंगठा मानाने तिचाच घेतला, आणि त्या क्षणी तिला बरंही वाटलं.

मग घरोघरी गाळ धुणं सुरू झालं. ओढ्याचं पाणी संपलं, विहिरीने तळ गाठला, धुतल्याचं पाणी पिकात शिरलं. बायकांच्या हातांना फोड आले. होळीपर्यंत कुणाकडे खसखशीएवढा कण, बाकीच्यांकडे तोही नाही. खालचा गाळ चांगला असेल म्हणून लोकांनी गाळाच्या ढिगाला अडवून धरणारा बांध पोखरला. आषाढात तो फुटला आणि साऱ्या शिवारात लाल चिखल बसला.

गाव कारभाऱ्याकडे धावलं. त्याने अंगठे दाखवले.

परत येताना पाटलांनी झारेकरणीला विचारलं, “आता तरी खरं सांग. त्या मण्याला किती गाळ लागला व्हता?”

“चाळीस टोपल्या. नि एक महिना.”

“मग तवा का न्हाई बोललीस?”

“तुमी पारावनं उठवलं असतं,” ती म्हणाली.

पाटलांनी शिवी ओठांतच ठेवली. दुसऱ्यांदा आपणही विचारलं नव्हतं, हे त्यांना आठवलं. पण ते काही त्यांनी मोठ्याने कबूल केलं नाही. गावाने सगळा दोष तिच्यावर घातला, तिच्याशी बोलणं टाकलं आणि गाव मोकळं झालं.

पाऊस उघडल्यावर डोंगरावरून नव्या गाळाच्या गाड्या खाली आल्या. लोक वाट अडवून उभे राहिले. पुढच्या गाडीवानाने बैल थांबवले आणि अगदी सभ्यपणे विचारलं,

“तुमचाच हाय न्हवं? कुठं वतू सांगा.”

ज्याला ठेच न लागता शहाणं व्हायचं असेल, त्याच्यासाठी तात्पर्य: घाणीत सोनं असेलही, पण ती आधी करणाऱ्यालाच निस्तरू द्यावी, आणि सोन्याची बातमी आणणाऱ्याला, ते काढायला काय काय लागलं, हे दोनदा विचारावं.