हरकतीचं रान

त्या बांधाखालचं रान बघा मंडळी, वांगी लगडलीत ते. सातबाऱ्यावर त्याला नुसता नंबर आहे, पण आमच्या आंबळवाडीत सगळे हरकतीचं रानच म्हणतात. दर चंपाषष्ठीला सकाळी अख्खं गाव इथं जमतं. ठकूबाईच्या घरची बाई बांधावर चढून ओरडते, "रान माझं!" आणि आमच्या धुमाळांपैकी एकजण समोरून ओरडतो, "हरकत आहे!" हे झाल्याशिवाय इथलं एक वांगं कापत नाहीत. हसू नका. मी स्वतः धुमाळ आहे, हरलेल्या घरातला. त्यामुळं पदरचं काही घालणार नाही.

म्हणे फार पूर्वी हे रान आमच्या पूर्वजाचं, हैबती धुमाळाचं होतं. नुसता खडक, वर बाभळी. हैबती कधी फिरकायचा नाही. ठकूबाई विधवा, पदरात दोन लेकरं. तिनं कुणाला न विचारता धोंडे वेचले, बांध घातला, वांगी लावली. हैबतीला कळलं तसा तो धावत आला. "चालती हो माझ्या रानातून!" ती म्हणाली, "नाही जात, काय करशील ते कर!" दोघांचा आवाज वेशीपर्यंत गेला. पण हैबती तोंडाचाच शूर. ओरडला आणि घरी गेला. पुढं दर वर्षी हेच. आणि या बाईची खोड अशी, की भांडण झालं की तिलाच वाईट वाटायचं. मग चंपाषष्ठीला, वांगी खायला मोकळीक झाली की पहिली पाटी हैबतीच्या दारात ठेवून यायची. आता चांगली वांगी घरी ठेवून जून, बियाळ तेवढी द्यायची, हेही सांगतात. पक्की होती!

बारा वर्षं अशी गेली. तेराव्या वर्षी तिनं रानात खोदलेल्या विहिरीला गोडं पाणी लागलं आणि हैबतीला रान आठवलं. गोतसभा बसली. गोतसभा म्हणजे त्या काळचं आमचं कोर्टच. तिचा नियम असा सांगतात: बारा वर्षं उघड, मालकाच्या तोंडावर, त्याची परवानगी न घेता कसलं, तर रान कसणाऱ्याचं. पण मालकानं मायेनं कसायला दिलं असेल, तर मालकाचंच.

हैबतीनं काय करावं? तो एकदम गोड झाला. "ठकू मला बहिणीसारखी. मीच दिलं तिला रान. रान कसायचा खंड म्हणून दर साल वांगी नाही का पाठवायची?"

ठकूबाईच्या पायाखालची जमीन सरकली. रान गेलं तर लेकरांना घेऊन जायचं कुठं? तिनं गावाकडं बघितलं. बारा वर्षं ते भांडण ऐकणारं गाव, पण धुमाळाच्या धाकानं सगळे खाली बघत बसले. वाईट वाटतं हो सांगताना.

तेवढ्यात हैबतीचीच बायको भागाबाई उठली. "खंड? अहो, बारा वर्षांत आमच्या चुलीवर चंपाषष्ठीचं भरीत झालं नाही! पाटी आली की हे शिव्या देत परसामागच्या ओघळीत भिरकावतात. चला, दाखवते!"

सभा उठून परसामागं गेली. ओघळीत वांग्याचं जंगल माजलेलं, कमरेएवढं! टाकलेल्या जून वांग्यांचं बी रुजून रुजून झालेलं. सभेतला म्हातारा म्हणाला, "हैबती, खंड घेतला असतास तर तो पोटात गेला असता." रान ठकूबाईचं झालं.

पुढच्या चंपाषष्ठीला ती बांधावर उभी राहिली. समोरून कुणी येईना. उन्हं वर आली, तिचा विळा काही चालेना. शेवटी ती हैबतीच्या दारात गेली. म्हणाली, "भाऊ, तू भांडलास म्हणून रान मला मिळालं. पहिल्याच दिवशी प्रेमानं 'कस' म्हणाला असतास, तर मी जन्मभर तुझं कूळच राहिले असते. चल ऊठ, हरकत घे." हैबती हसत हसत रडला म्हणतात. आला, घसा फाडून ओरडला. त्या साली आमच्या घरात पहिल्यांदा भरीत झालं, आणि पाटीत त्या खेपेला कोवळी वांगी होती.

आजही हरकत घ्यायचा मान आमच्याच घराचा. गेली एकतीस वर्षं मी घेतो. डॉक्टर म्हणतात, घसा जपा. कसला जपता! ती बघा, ठकूबाईच्या घरची सून कमरेला पदर खोचून बांधावर चढलीसुद्धा. बसा जरा सावलीत. भांडून आलोच.