येसूच्या वाटणीची गाडी

धामणवाडीची विहीर नासली आणि गावात पटकी शिरली. पाणी उकळून प्या, असं वैद्यबुवा दारोदार सांगत होते. पण त्या उघड्या माळावर सरपण कुणाकडे होतं? झाडं होती ती एकट्या इनामदारांच्या राईत. त्यांच्या दानधर्माची मात्र ख्याती होती. गावात कुणीही मेलं, की सरणाला गाडीभर लाकूड फुकट!

सगुणाचा नवरा त्याच लाकडांवर जळला. आता घरात उरली होती आठ वर्षांची येसू, आणि तीही तेच पाणी पीत होती. सगुणा इनामदारांच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली.

“सरकार, पाणी उकळायला मोळीभर लाकडं द्या.”

“खुळी का काय तू? जित्याला रोज लागतात, राई बोडकी होईल माझी. मेलेल्याचं बरं, एकदाच काय तो खर्च!”

ओट्यावरची मंडळी खो-खो हसली.

“मग सरकार, माझ्या येसूच्या सरणाची गाडी द्या.”

“अरेरे, कधी गेली?”

“अजून न्हाई. पर हेच पाणी पिऊन मरंल, तवा तुम्ही गाडी देणारच. ती आजच द्या, मी त्या लाकडांवर पाणी उकळते. तुमचा खर्च तेवढाच. आन् तरीबी मेली, तर मातीत पुरीन.”

इनामदारांनी खाली मान घालून गड्याला खूण केली.

भरली गाडी सगुणाच्या दारी थांबली, तशा शेजारणी पदर तोंडाला लावून धावत आल्या. दारात येसू उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या साऱ्या आया आपापल्या लेकरांच्या सरणाची गाडी मागायला ओट्यापुढे उभ्या होत्या.